पडवीतली बारा पानं

खरं सांगते! ओरडून सांगते, पलीकडे शिवोलीपर्यंत ऐकू गेलं तरी चालेल, यातला शब्दन् शब्द खरा आहे. चोपडे गावच्या राखणदार देवाची आण. एक अक्षर खोटं निघालं तर माझी कवळी चापोरा नदीत फेकून द्या आणि मरेपर्यंत मला पेजेवर ठेवा. तर ऐका. शुक्रवारी दुपारी पावणेएक वाजता, शेवंतीच्या हाटेलाच्या मागच्या पडवीत, बाबाजी ड्रायव्हरने न वाढलेलं पान मिटलं. आला होता तो नेहमीसारखाच. चिऱ्यांनी भरलेला ट्रक रस्त्याच्या कडेला लावला, नळावर हात धुतले, लांब बाकावर डावीकडून तिसऱ्या पानासमोर बसला. केळीच्या पानावर पाणी शिंपडलं, तळहाताने पुसलं. मग मान वर केली. समोर भिंतीवर शंभूने, म्हणजे शेवंतीच्या मुलाने, लावलेली ती टीव्हीसारखी पाटी होती आणि तिच्यावर लाल आकडे पेटलेले होते: माशाचं जेवण, चारशे वीस. बाबाजीने आकडा वाचला. ओठ हलले त्याचे, लहान मुलं वाचताना हलतात तसे. आणि मग जेवण झाल्यावर मिटतात तसं ते कोरं, ओलं, हिरवं पान त्याने वरून खाली मिटलं, वाऱ्याने उघडू नये म्हणून त्याच्यावर पाण्याचा पेला ठेवला आणि उठला. शेवंती वाफाळत्या शिताचं भांडं कमरेवर घेऊन दारात आली होती. "बसा हो बाबाजी, माशाचा हुमण आणतंय," ती म्हणाली. "नाको वयनी," तो म्हणाला, "जेवलंय मी." आणि त्याने पुन्हा नळावर हात धुतले, नीट, बोटांच्या मधून मधून, जसे काही कालवणाचे हात असावेत. ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला, मग गेल्याचा. शेवंती भांडं घेऊन उभीच राहिली. आता आपल्या आत काहीतरी होईल म्हणून ती वाट बघत होती. डोळे भरतील, निदान राग तरी येईल. काहीच आलं नाही. थोड्या वेळाने जांभई आली.

हे तिला नवीन नव्हतं. तीन वर्षं झाली, सगुण गेल्यापासून, तिचं हे असंच चाललं होतं. नवरा गेला तेव्हा शंभू बोटीवर होता, कुठल्यातरी बर्फाच्या देशाजवळ, आणि बोट काही वळत नाही एका सगुणासाठी. शेजारच्या मुलीने फोन उंच धरला आणि त्या फोनात शंभूने बापाला जाताना बघितलं. मध्येच चित्र अडकलं. शंभूचं तोंड अर्धं उघडं, तसंच थांबलेलं, आणि इकडे लोक सगुणला उचलत होते. शेवंती त्या अडकलेल्या तोंडाकडे बघत राहिली, नवऱ्याकडे बघायचं राहूनच गेलं. त्यानंतर चौदाव्या की पंधराव्या दिवशी तिच्या लक्षात आलं की जिभेला मीठ लागत नाही. आंबट लागत नाही, तिखट लागतं ते फक्त नाकाला. हाताला चटकाही बसत नाही. तव्यावरचा बांगडा ती बोटांनी उलटते आणि नारळ खवायला येणारी सरस्वती किंचाळते. आता ही शेवंती कोण, तर जिने एकदा सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची, किसमूर भाजायला घेतली तेव्हा शेजारच्या घरात मेलेल्या माणसाला शिंक आली होती. मी एकटी नाही सांगत, तिथे रडायला बसलेले सतरा लोक सांगतील. शिंक आली, लोक रडायचे थांबले, आणि मग तो पुन्हा मेला. अशा बाईची जीभ गेली. तिने कोणाला सांगितलं नाही. ही सरस्वती, तिच्याच वयाची, तिच्याहून जास्त बोलणारी, ती रोज हुमणाचा थेंब तळहातावर घेऊन चाटते आणि म्हणते, "घाल आणखी इल्ला मीठ." शेवंती घालते. शंभूला यातलं काही माहीत नाही. त्याला सांगायचं तर कुठून सुरुवात करायची, हेच तिला कधी सापडलं नाही.

शंभू परत आला तो ती पाटी डोक्यात घेऊनच आला. सात वर्षं बोटीवर लोकांना वाढून आला होता, चालणं बदललं होतं, हातात बशी नसली तरी एक हात वर धरल्यासारखा चालायचा. पेडण्याला मोपाचा विमानतळ झाला होता, चोपड्याच्या पुलावरून भाड्याच्या गाड्या आश्व्याच्या, मोरजीच्या किनाऱ्याला धावत होत्या आणि त्यातले लोक वाटेत माशाचं जेवण शोधत होते. "आये," तो म्हणाला होता, "एकच भाव धरून बसणारो मागे रवता. विमानाच्या तिकिटाचा बघ. माणसा वाढली काय भाव चढता, माणसा कमी झाली काय उतरता. जेवणाचा पण तसाच करूया." शेवंती लसूण सोलत होती. "आणि भूक?" तिने विचारलं. "भूक सगळ्यांकच असता, आये. खुर्च्या बत्तीसच असत." मग त्याने एक टॅब आणला, त्यात बत्तीस हिरवे चौकोन, पुढच्या खोलीतल्या वीस जागांचे वीस आणि पडवीतल्या बाकावरच्या बारांचे बारा. जिथे पान मांडलं तो चौकोन सरस्वतीने बोटाने दाबायचा, की तो लाल होतो. लाल वाढले की भाव आपोआप वर. सगळी जागा रिकामी असली तर एकशेऐंशी. भरली की साडेचारशेच्याही पुढे. एक पाटी बाहेर रस्त्यावर, एक पुढे, एक मागे पडवीत. पडवीतले लोक शेवंतीचे, त्यांचे पैसे ती घेणार, पण भाव पाटीवरचाच, हे ठरलं. आणि आणखी एक ठरलं, ते शंभूने जेवताना उभ्याउभ्या सांगितलं, हातात स्टीलची ताटली, ओट्याला टेकून, कारण बोटीवर त्याला उभं राहून जेवायची सवय लागली होती. "मुंबयचो एजंट विचारता परत येतंस काय म्हणान. ह्यो सीझन बघतंय. पाटी चालली तर मी खंय जायत नाय, हंयच रवतंय. नाय चालली तर सही करतंय." ते ऐकून शेवंतीने त्याच्या ताटलीत न मागता माशाचा दुसरा तुकडा घातला होता. एजंटाला उत्तर द्यायचं होतं सोमवारी. आणि पाटी तर चालत होती. दिवाळीपासून जेवणाच्या वेळी ती एकदाही दोनशेऐंशीच्या खाली उतरली नव्हती. सोमवारी अर्धं गाव मासे खात नाही, त्या दिवशीही नाही. शंभू गल्ल्यावर बसून पायाने ताल धरायचा. गाड्या थांबायच्या, लोक बाहेरची पाटी वाचायचे आणि म्हणायचे, एवढा भाव आहे म्हणजे जेवण चांगलं असणार. आत शिरायचे.

हे सगळं तिला त्या दुपारी शिताचं भांडं धरून उभी असताना आठवलं असं नाही. तिला आठवत होतं ते खाणींवरचं पाळी गाव. बाबाजी गेला त्या वाटेकडे बघताना रस्त्यावर चिऱ्यांची लाल भुकटी सांडलेली दिसली आणि ते गाव डोळ्यांसमोर आलं. डिचोलीच्या खाणींवर हाटेल होतं तेव्हा त्यांचं, पत्र्याचं, रस्त्याला लागून. खनिजाचे ट्रक दिवसभर जायचे आणि लाल धूळ अशी उडायची की कोंबड्या लाल अंडी घालायच्या. आत पिवळं, बाहेर लाल. तिथल्या पोरांना पांढरा रंग पहिल्यांदा दिसायचा तो शाळेतल्या खडूत. सखाराम गवळ्याची गाय पांढरी आहे हे ती विकायला नेऊन नदीत धुतली तेव्हा गावाला कळलं, आणि गिऱ्हाईक म्हणाला, ही ती गाय नव्हे. त्या धुळीत जेवायचं म्हणजे पान आधी मांडून ठेवावं लागायचं आणि त्याच्यावर दुसरं पान पालथं. शेवंतीने तिथे एक रीत घातली. जे ड्रायव्हर रोजचे, सिंधुदुर्गातून आलेले, दोडामार्गचे, बांद्याचे, ज्यांच्या बायका गावी आणि चुली कुठेच नाहीत, त्यांचं पान ती साडेअकरालाच मांडायची. बारा जण होते. कोणाचं कुठलं पान हे ठरलेलं. कोण उशिरा येईल, कोण येणारच नाही, तरी पान मांडलेलं. "पान धरलंय तुमचा," ती म्हणायची, आणि नाही आला माणूस तर संध्याकाळी ते गाईला. सगुण हसायचा, रोज दोन पानं फुकट जातात म्हणायचा. पण एकदा एका ड्रायव्हरचा ट्रक खाणीच्या कडेवरून आत गेला आणि दुसऱ्या दिवशी शेवंतीने बाराच पानं मांडली. त्या दिवशी सगुण हसला नाही. तेरा दिवस तिने त्याचं पान मांडलं. चौदाव्या दिवशी अकराच मांडायला गेली तर हात थांबेना. मग त्या जागेवर दुसरा कोणी बसायला लागला आणि पुन्हा बाराच राहिले. तेव्हापासून तिच्या डोक्यात बसलं होतं की पान मांडलं नाही म्हणजे आपण त्या माणसावर पाणी सोडलं. खाणी बंद पडल्या, पत्रे काढून ते सगुणच्या गावी चोपड्याला आले, बारा जण कुठे कुठे पांगले, कोण चिरे वाहतो, कोण रेती, पण चोपड्यावरून जायचे तेव्हा थांबायचे. आणि पडवीत बारा पानं रोज साडेअकराला मांडलेली असायची.

आणि तो दिवसही आठवला, जो आठवू नये म्हणून ती पाळी गावच्या इतर सगळ्या गोष्टी आठवायची. एक ट्रक आडवा झाला रस्त्यावर, सकाळी सातला, आणि पाळीपासून मागे जिथवर नजर जाते तिथवर ट्रकच ट्रक उभे राहिले. कोणी म्हणतं दोनशे, मी म्हणते पाचशे, शेवटचा ड्रायव्हर उतरून चालत आला तो दुसऱ्या दिवशी पोचला. दुसरं हाटेल जवळपास नव्हतं. पाववाल्या पदेराने पावाच्या दोन टोपल्या टाकल्या होत्या तेवढ्याच. दहा वाजता सगुणने विचारलं, "आज भाजी-पाव दहाक दिवया की पंधराक?" त्याने सहज विचारलं होतं. शेवंती कांदा चिरत होती. तिने बाहेरची रांग बघितली, टोपल्या बघितल्या. "तीसाक दी," ती म्हणाली. मान वर न करता. आणि लोकांनी दिले. हेच तिला कळलं नव्हतं, की लोक देतात. कोणी भांडलं नाही. उन्हात उभे राहून, लाल तोंडांनी, तीस रुपये काढून देत होते. एकटा बाबाजी, तेव्हा तरणा होता, मिशी होती, तो मोठ्याने ओरडला होता, "वयनी, आज पावाक सोन्याचो पत्रो मारलास काय?" सगळी रांग हसली. शेवंतीही हसली. त्या दिवशी सगुण जेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीवर रंगाने भाव लिहिला, दहा रुपये, हाताएवढ्या अक्षरात, आणि तो पाच वर्षं बदलला नाही. ती दोघं त्यावर कधी बोलली नाहीत. आता पडवीत उभी राहून शेवंती त्या दिवसातलं फक्त ते हसणं शोधत होती. तेव्हा बाबाजी हसला होता, ओरडला होता, म्हणजे त्याला ती तीस रुपयांची गोष्ट दोघांमधली वाटली होती. आज तो ओरडला नाही. पाटीवर कोण ओरडणार. तो जेवलंय म्हणाला. वीस वर्षं तिच्या हातचं जेवलेला माणूस तिला लाज वाटू नये म्हणून खोटं बोलला होता, आणि तिला लाज वाटत नव्हती, काहीच वाटत नव्हतं, कमरेवर भांडं जड झालं होतं एवढंच.

तीन वाजता गर्दी ओसरली. शंभू पुढे गल्ल्यावर फोन लावून कोणाला तरी इंग्रजीत हसत होता. शेवंती आणि सरस्वती मागच्या पायरीवर बसल्या. ओहोटी होती. चापोरा नदी पार मागे सरकली होती आणि चिखलात बायका वाकून तिसऱ्यांच्या शिंपल्या वेचत होत्या. याच नदीत सगुणने लग्नाच्या वर्षी चोणक धरला होता, डोकं चोपड्यात आणि शेपटी शिवोलीत. पूल नव्हता तेव्हा, लोक त्या माशाच्या पाठीवरून चालत सासरी-माहेरी गेले, फेरीबोटवाला रडत बसला. ती कथा शेवंती नव्या गिऱ्हाइकांना सांगायची, आता किती महिने सांगितली नव्हती. सरस्वती मिटलेलं पान उलगडत होती. आतून कोरं, स्वच्छ.

"काय गो ह्या? ह्याच्यात वाढलंसच नाय?"

"बाबाजी गेलो."

"खंय गेलो?"

"जेवलंय म्हणालो."

सरस्वतीने पानाचा देठ मोडला. "तो रवलो हुतो एकटोच," ती म्हणाली. "बाकीचे दिवाळीच्या आधीच गेले. चारशे वीस रुपये खंयसून आणतले? त्या पैशात त्यांचा घर दोन दिवस जेवता."

"मी म्हटलंय रस्तो बदलल्यानी त्यांनी."

"रस्तो! रस्तो हो एकच आसा शेवंतीबाय, पुलावरचो. रोज जातत तुझ्या नाकासमोरसून. हॉर्न पण वाजवतत." मग ती म्हणाली, "आणि चारशे वीस आज कित्याक झाले माहीत आसा? पुढे पोरांची एक बस इली, अकरा जणांची. अकरा ते आणि बारा हे."

"खंयचे बारा?"

"ही पानां. तुझी. शंभूनच सांगितलेला ना, जंय पान मांडला तो चौकोन लाल कर. तू साडेअकराक बारा मांडतंस, मी बारा दाबतंय. रोज."

शेवंती नदीकडे बघत राहिली. एक बाई चिखलातून पाय काढत होती, पाय निघत नव्हता, निघाला. "माणूस नसलो तरी?" तिने विचारलं. "मशीनीक काय कळता माणूस आसा काय नाय?" सरस्वती म्हणाली. "तेका लाल कळता. शंभू गल्ल्यावरसून पडवी बघता थोडोच. तो म्हणता ती आयेची माणसा. माका वाटला तुका ठाऊक आसा."

तिला ठाऊक नव्हतं. आता झालं. ती पायरीवरच बसून राहिली, सरस्वती घरी गेली तरी. विचार एका जागी ठेवला की मुंग्या आलेल्या पायासारखा नुसता जड लागायचा, म्हणून ती तो उचलून इकडून तिकडे ठेवत होती. पानं मांडली म्हणून भाव चढला. भाव चढला म्हणून ज्यांच्यासाठी मांडली ते यायचे थांबले. ते थांबले तरी तिने मांडली, म्हणून भाव चढलेलाच राहिला. चढलेला भाव बघून गाड्या थांबल्या. गाड्या थांबल्या म्हणून शंभू थांबला. दिवाळीपासून तिचा मुलगा ज्या गर्दीच्या भरवशावर पायाने ताल धरत होता, त्या गर्दीतली बारा माणसं नव्हतीच. केळीची पानं होती. संध्याकाळी गाय खायची ती. उद्या साडेअकराला तिने पुन्हा मांडली तर सोमवारी शंभू एजंटाला नाही म्हणेल, आणि उंबरठ्यात त्याच्या चपला राहतील, आणि तिला काही झालं तर तो फोनात अडकलेला नसेल. सरस्वती कोणाला बोलणार नाही. नुसती पानं मांडायची, आयुष्यभर करत आली तेच करायचं. इतकं सोपं होतं. तिने हात पुढे धरून बघितले. तळव्यांवर तव्याचे डाग होते, नवे, आजचेच असावेत, कधी पडले कळलं नव्हतं. मुलगा जवळ असून सहा महिन्यांत त्याला हे डाग दिसले नव्हते आणि तिनेही दाखवले नव्हते. तो गल्ल्यावर, ती चुलीपाशी, मध्ये बत्तीस चौकोन. तो राहिला तर असाच राहणार होता का, हा प्रश्न तिला पडला, आणि त्याचंही काही वाटलं नाही. पुलावरून एक ट्रक गेला. हॉर्न वाजला, दोनदा, आखूड. तिने मान वर केली तोवर तो उतारावर गेला होता. इतके दिवस ती समजत होती की पुलावर वळण आहे म्हणून वाजवतात.

शनिवारी साडेअकरा वाजले. पानं कापून, पुसून गठ्ठा तयार होता. शेवंतीने गठ्ठा पडवीत नेला, बाकाच्या टोकाला ठेवला, आणि मांडला नाही. हात थांबेनात, त्यांना सवय होती, म्हणून तिने ते पदरात गुंडाळले आणि उभी राहिली. भिंतीवरच्या पाटीवर एकशेऐंशी होतं. बारा वाजले, एकशेऐंशी. बाहेर एक गाडी थांबली, काच खाली झाली, आतली बाई नवऱ्याला म्हणाली, "इतकं स्वस्त? मासे शिळे असतील." काच वर झाली. दुसरी गाडी नुसती हळू झाली. साडेबाराला शंभू टॅब तळहातावर आपटत आत आला.

"आये, सिस्टीम बिघडली."

"बिघडूक नाय."

"मगे चढणा नाय कशी? शनिवार आसा!"

"आज पानां मांडूक नाय मी," शेवंती म्हणाली. आणि तिने त्याला सांगितलं. चार वाक्यांतच झालं सगळं, तिला वाटलं होतं खूप लागतील. शंभू पडवीत आला. आल्यापासून तो तिथे पाटी लावायला एकदा आला होता, तेवढाच. त्याने रिकामा बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला.

"बारा?"

"बारा."

"आणि खरी माणसा किती येयत?"

"पयली सात. मगे चार. मगे एकटो बाबाजी. काल तो पण गेलो."

"आणि तू माका आत्ता सांगतंस?"

"माका काल कळला."

"काल मगे गप रवलंस असती तर?" तो मोठ्याने म्हणाला. "कोणाक कळणार हुता? दोन दिवस गप रवलंस असती, आये! सोमवार गेलो असतो." आणि बोलून झाल्यावर त्यालाच ते ऐकू आलं असावं, कारण तो थांबला, त्याचा तो वर धरलेला हात खाली आला, आणि तो बाकावर बसला. शेवंतीने गठ्ठ्यातलं वरचं पान काढून त्याच्यासमोर मांडलं. त्याने पाणी शिंपडून पुसलं, बापासारखं, उलट्या हाताने. तिने शीत वाढलं, हुमण वाढलं, तव्यावरचा बांगडा बोटांनी उचलून आणला. शंभूने तिचा हात धरला आणि उलटा करून बघितला. एक डाग, दुसरा, तिसरा. "दुखत नाय?" "नाय," ती म्हणाली. "मीठ पण लागत नाय. तीन वर्षां झाली." त्याने तिचा हात हलकेच सोडला. खाली मान घालून जेवायला लागला, बसून, सावकाश, आणि ती समोर उभी राहून त्याचे घास बघत होती. अर्धं पान झाल्यावर तो म्हणाला, "असू दे आये. मी खंय जायत नाय." शेवंतीने ऐकलं आणि त्याला आणखी शीत वाढलं.

आता सांगूनच टाकते, नाहीतर मला झोप यायची नाही. बाकी सगळं जसं झालं तसंच सांगितलं, चोणकासकट. पण हे शेवटचं वाक्य शंभू बोलला नाही. ते मी घातलं. इतका वेळ त्या बाईला तशी उभी ठेवून मलाच बघवेना. तो जेवला, हात धुतले, खिडकीशी गेला आणि त्याने मुंबईच्या एजंटाला फोन लावला, सोमवारची वाट न बघता. पासपोर्टचा नंबर तो एकेक आकडा सुटा करून सांगत होता, तिकडे नीट ऐकू जात नव्हतं म्हणून दोनदोनदा, आणि शेवंती शिताचं भांडं कमरेवर घेऊन मागे उभी राहून प्रत्येक आकड्याला मान हलवत होती.